इंग्रजी शब्दांचे गणगोत

सन २००० पासून महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जाऊ लागला. खेड्यातील शाळेत त्याचे अध्यापन बहुधा शब्दांच्या याद्यांनी होते. फळ्यावर दहा शब्द लिहावयाचे, त्यांचे अर्थ सांगावयाचे आणि दुसऱ्या दिवशी स्पेलिंग विचारावयाचे, हा परिपाठ सर्वत्र दिसतो. यात शिक्षकाचा दोष आहे असे म्हणता येणार नाही. दोन शिक्षकांवर चार इयत्ता सोपविल्या म्हणजे याहून निराळे काही करण्यास सवड उरत नाही. परंतु या पद्धतीने मुलाच्या मनावर एक समज पक्का ठसतो. तो असा की, इंग्रजी शब्द नदीच्या पात्रातील गोट्यांप्रमाणे सुटेसुटे असतात, त्यांच्या स्पेलिंगला काही रीतभात नसते, आणि ही सगळी भाषा परक्यांची असून आपल्या घरच्या बोलण्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. हा समज एकदा बसला की पुष्कळ मुले चौथी-पाचवीतच इंग्रजीच्या तासाला मनाने वर्गाबाहेर जातात, आणि मग त्यांना परत आणणे फार जड जाते.

वस्तुतः शब्दांनाही माणसांप्रमाणे भाऊबंद, सोयरे आणि दूरचे चुलते असतात. इंग्रजीतील कित्येक शब्दांचे असे गणगोत शिक्षकास ठाऊक असेल, तर पाठांतराचा भार बराच हलका होतो. त्यातील काही नाती तर थेट आपल्या गोठ्यापर्यंत आणि गुऱ्हाळापर्यंत येऊन पोहोचतात. ती नाती कोणती, आणि नाते सांगताना कोठे सावध राहावे, हे या लेखात सांगावयाचे आहे.

प्रारंभ शाळेतल्याच शब्दांपासून करू. लॅटिन भाषेत 'मोनेरे' असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ स्मरण देणे, सावध करणे. त्यापासून 'मॉनिटर' हा शब्द झाला. गुरुजी वर्गाबाहेर गेले असता 'गलका करू नका' म्हणून बजावणारा जो मुलगा, त्याचे हे नाव अगदी सार्थ आहे. देव एखादे अघटित दाखवून माणसांना इशारा देतात अशी रोमन लोकांची समजूत होती. त्या अघटितासही याच धातूवरून नाव पडले, आणि त्यातून पुढे राक्षस या अर्थाचा 'मॉन्स्टर' निघाला. अघटित म्हणजे देवाने दाखविलेली वस्तू. म्हणून त्याच शब्दापासून 'दाखविणे' या अर्थाचे क्रियापद तयार झाले आणि त्याचे 'डेमॉन्स्ट्रेशन' झाले. कृषी सहायक शेतात ज्याला 'डेमो' म्हणतात, ते हेच. सैनिकांना रांगेत उभे करून वरिष्ठांस दाखविण्याची क्रिया जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आली, ती 'मस्टर'. मस्टर म्हणजे मुळात नोंदवही नव्हे. माणसे प्रत्यक्ष समोर उभी करून दाखविणे होय. रोजगार हमीच्या कामावर मस्टर भरणाऱ्या कारकुनानेही हा मूळ अर्थ ध्यानात ठेवण्यासारखा आहे. याच कुळातील आणखी एक शब्द खेड्यात सर्वांस माहीत असतो, तो म्हणजे 'समन्स'. त्याच्या लॅटिन पूर्वजाचा अर्थ हळूच, खाजगीत सुचविणे असा होता. आजचे समन्स मात्र बेलिफ साऱ्या गावादेखत घेऊन येतो!

मॉनिटर, मस्टर, समन्स, डेमो हे चारही शब्द मुलांच्या कानांवर रोज पडणारे आहेत. त्यांची एक आजी आहे हे कळल्यावर मुलांस नवल वाटते, आणि नवल वाटलेली गोष्ट सहसा विसरली जात नाही. परंतु हे कुळ येथेच संपत नाही. 'मोनेरे' हे क्रियापद ज्या मूळ धातूपासून निघाले, त्याचा अर्थ विचार करणे असा होता. संस्कृतातील मन, मति, मंत्र हे शब्द त्याच धातूचे, आणि इंग्रजीतील 'माइंड' व 'मेंटल' हेही त्याचेच. म्हणजे मॉनिटर हा आपल्या मनाचा दूरचा चुलतभाऊ ठरतो. यातील मंत्री हा शब्द तर मोठा प्रवासी निघाला. तो मलाया देशाच्या भाषेत गेला, तेथून पोर्तुगीजांनी उचलला आणि चीनच्या सरकारी अंमलदारांस लाविला. तोच इंग्रजीत 'मँडरिन' झाला. पुढे ते नाव एका जातीच्या संत्र्यासही पडले.

आता असा प्रश्न सहजच येईल की, सात समुद्रांपलीकडील भाषेचे आणि संस्कृतचे नाते जुळले कसे? कलकत्त्यास न्यायाधीश असलेल्या सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली तेथील एशियाटिक सोसायटीपुढे एक व्याख्यान दिले. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांतील साम्य इतके खोल आहे की, त्या तिन्ही कोणत्या तरी एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती मूळ भाषा बहुधा आता अस्तित्वात नसावी, असे मत त्यांनी मांडले. पुढील पिढ्यांतील पंडितांनी ते कसोट्या लावून सिद्ध केले. यातील एक बारकावा शिक्षकांनी नीट समजून घेतला पाहिजे. संस्कृत ही इंग्रजीची आई नव्हे. त्या दोन्ही भाषा एका फार प्राचीन घराण्याच्या दोन शाखा आहेत. 'मदर' हा शब्द 'माता' या शब्दापासून आला असे सांगणे म्हणजे चुलतबहिणीस आई म्हणण्यासारखे आहे.

या नात्याचा वर्गात फार मोठा उपयोग होतो, आणि तो अशा ठिकाणी होतो की जेथे मुले सर्वांत जास्त मार खात आली आहेत. ती जागा म्हणजे न उच्चारली जाणारी अक्षरे. 'टू' म्हणजे दोन, या शब्दात मध्येच एक 'डब्ल्यू' बसलेला असतो. तो कशासाठी, याचे उत्तर आपल्या 'द्वि' या शब्दात आहे. 'द्वि'मधील 'व' तोच इंग्रजीतील 'डब्ल्यू' होय. पूर्वी तो उच्चारला जात असे. आज बोलण्यातून गेला, लिहिण्यात राहिला. त्याचे भाऊबंद मात्र तो अजून स्पष्ट उच्चारतात: ट्वाइस, ट्विन, ट्वेंटी, बिट्वीन. 'ट्वेल्व' म्हणजे दहा वजा जाता उरलेले दोन, आणि 'इलेव्हन' म्हणजे उरलेला एक, अशी ती फोड आहे. हे चार-पाच शब्द 'टू'च्या शेजारी फळ्यावर लिहून मोठ्याने म्हणवून घेतले, तर त्या मुक्या अक्षरासाठी वेगळे पाठांतर करावे लागत नाही.

'नो' म्हणजे जाणणे, या शब्दाच्या आरंभीचा 'के' असाच. तो आपल्या 'ज्ञा' धातूतील 'ज्'चा जोडीदार आहे. येथे शिक्षकांनी मुलांस आणखी एक गोष्ट दाखवावी. 'ज्ञान' हा शब्द आपण ज् आणि ञ मिळून लिहितो, परंतु मराठीत उच्चारतो मात्र 'द्न्यान'. लिहावयाचे एक आणि म्हणावयाचे दुसरे, हा अपराध एकट्या इंग्रजीचा नव्हे. 'नी' म्हणजे गुडघा, यातील 'के' तसाच संस्कृत 'जानु'मधील 'ज'शी जुळतो. तास या अर्थाच्या 'अवर' शब्दातील मुका 'एच्' आपल्या ज्योतिषातील 'होरा' या शब्दात आजही ऐकू येतो. त्या शब्दाची हकीकत पुढे येईलच. 'साइन' म्हणजे सही, यातील 'जी' त्याच्या सख्ख्या भावांत, म्हणजे 'सिग्नल' व 'सिग्नेचर' यांत, उघड बोलतो. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधील 'बी' बँकेच्या पासबुकातील 'डेबिट'मध्ये सापडतो.

कोल्हापुरात राहून कुस्तीचे कुळ वगळणे बरे नव्हे. 'रेसलिंग' या शब्दाच्या आरंभी न उच्चारला जाणारा 'डब्ल्यू' असतो. तोच 'रिस्ट' म्हणजे मनगट, 'रेंच' म्हणजे पान्हा, 'रिंग' म्हणजे पिळणे आणि 'राँग' म्हणजे चूक, या शब्दांतही असतो. या साऱ्यांच्या मुळाशी वळणे, पिळणे, मुरगळणे हा एकच भाव आहे. मनगट वळते, पान्हा चाकी पिळतो, पैलवान प्रतिस्पर्ध्यास मुरगळतो. आणि 'राँग' म्हणजे मुळात वाकडे. खासबागेच्या मैदानात कुस्ती पाहिलेल्या मुलास हे एकदा हाताने करून दाखविले, म्हणजे तो 'डब्ल्यू' गाळणार नाही. लिहिणे या अर्थाचा 'राइट' मात्र या कुळात घालू नये. त्याच्याही आरंभी तेच अक्षर आहे खरे, पण त्याचा मूळ अर्थ ओरखडणे असा आहे.

नाते खरे की खोटे हे ओळखण्याची एक कसोटी जाकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ साली व्यवस्थित मांडली. तिचा थोडासा भागही शिक्षकास पुरेसा आहे. संस्कृतात जेथे 'द' असतो, तेथे घरच्या इंग्रजी शब्दांत 'ट' येतो: द्वि–टू, दश–टेन, दंत–टूथ. 'प'च्या जागी 'फ' येतो: पाद–फुट, पितृ–फादर. 'त'च्या जागी 'थ' येतो: त्रि–थ्री. जेथे मूळचा 'ग' संस्कृतात 'ज' झाला आहे, तेथे इंग्रजीत 'क' येतो: ज्ञा, जानु ही उदाहरणे वर आलीच आहेत. मग 'डेंटिस्ट'मध्ये 'ड' आणि 'पेडल'मध्ये 'प' कसा राहिला? याचे कारण हे शब्द इंग्रजीच्या घरचे नव्हेत. ते पुढे लॅटिनकडून आणलेले आहेत. आपल्याकडे जसे दात हा तद्भव आणि दंत हा तत्सम, पाय हा तद्भव आणि पाद हा तत्सम, जवळजवळ तसेच इंग्रजीत 'टूथ' आणि 'डेंटिस्ट', 'फुट' आणि 'पेडल'. सातवीतील मुलास तत्सम-तद्भव शिकविताना ही जोडी सांगितली, तर दोन्ही भाषांचे व्याकरण एकाच वेळी पुढे सरकते.

शेतकऱ्याच्या मुलासाठी सर्वांत जवळचे कुळ म्हणजे बैलाच्या मानेवरील जू. मराठी 'जू' हा संस्कृत 'युग' शब्दापासून आला. युग म्हणजे जोडणारे आडवे लाकूड. त्याचा इंग्रजी भाऊ 'योक'. 'ग'चा 'क' झाला, म्हणजे वरील कसोटीस तो उतरला. जोडणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून इंग्रजीत 'जॉइन' आणि 'जंक्शन' आले. मिरज जंक्शनची पाटी पाहिलेल्या मुलास सांगावे की, बैलांच्या मानेवरचे जू, साधूचा योग आणि मिरजेचे जंक्शन ही एकाच घरची लेकरे आहेत.

आतापर्यंतचे नाते जन्माचे होते. दुसऱ्या प्रकारचे नाते उसनवारीचे. त्यात शब्द व्यापाऱ्याच्या गाठोड्याबरोबर एका भाषेतून दुसरीत जातो. याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या उसात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसविली आणि कोल्हापुरी गुळाची बाजारपेठ तेथे नावारूपास आली. पाठ्यपुस्तकात साखरेस 'शुगर' आणि गुळास 'जॅगरी' म्हणतात, आणि मुले हे दोन शब्द अगदी भिन्न समजून पाठ करतात. प्रत्यक्षात ते दोन्ही एकाच 'शर्करा' या संस्कृत शब्दाचे वंशज आहेत. शर्करा म्हणजे मुळात बारीक खडे, कंकर. उसाचा रस आटवून केलेल्या कणीदार पदार्थास साम्यामुळे तेच नाव मिळाले. प्राकृतातून तो मराठीत 'साखर' झाला. पश्चिमेकडे तो फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर', जुन्या फ्रेंचमध्ये 'सुक्र' आणि इंग्रजीत 'शुगर' झाला. ग्रीक लोकांनी तोच शब्द निराळ्या वाटेने पूर्वीच उचलला होता. त्या ग्रीक रूपावरून १८७९ साली शोध लागलेल्या एका कृत्रिम गोड द्रव्यास 'सॅकरिन' हे नाव पडले. हा झाला एक रस्ता. दुसरा रस्ता दक्षिणेचा. शर्करेचेच कन्नडात 'सक्करे' आणि मलयाळममध्ये 'चक्करा' झाले. मलबारच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगीजांनी ते ऐकून 'जागरा' केले आणि इंग्रजांनी त्याचे 'जॅगरी' केले. गडहिंग्लज व शिरोळ तालुक्यांत ज्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात, त्यांना सक्करे हा शब्द वर्गात मोठ्याने सांगू द्यावा. या ठिकाणी ती मुले शिक्षकापेक्षाही अधिकारी आहेत.

याच काहिलीतला आणखी एक शब्द 'कँडी'. संस्कृत 'खंड' म्हणजे तुकडा. त्याचे फारसीत 'कंद', अरबीत 'कंदी' आणि युरोपात 'कँडी'. दुकानात चॉकलेटच्या बरणीशेजारी ठेवलेली कँडी ही आपल्या खडीसाखरेचीच नातेवाईक आहे, मग वेष्टनावर नाव कोणाचेही असो.

उसनवारी एकाच बाजूने झाली असे मात्र समजू नये. वर उल्लेखिलेला 'होरा' हा शब्द मूळचा ग्रीक असून, ज्योतिषाबरोबर तो संस्कृतात आला. तोच लॅटिन व फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत 'अवर' झाला. आपण ज्या केंद्रशाळेच्या बैठकीस जातो, त्या 'केंद्र' शब्दाचीही गोष्ट तीच. ग्रीक भाषेत 'केंट्रॉन' म्हणजे बैलास टोचावयाच्या पराणीचे अणकुचीदार टोक. कर्कटकाचे स्थिर राहणारे टोक कागदात तसेच रुतते, म्हणून वर्तुळाच्या मध्यबिंदूस ते नाव मिळाले. ते संस्कृत ज्योतिर्विदांनी 'केंद्र' या रूपाने स्वीकारले, आणि युरोपात त्याचेच 'सेंटर' झाले. बाजारातील 'दाम' हा शब्दही ग्रीकांच्या 'द्राख्म' या नाण्यावरून संस्कृतात आलेल्या 'द्रम्म' शब्दापासून निघाला. इंग्रजीतील 'ड्रॅम' हे वजन त्याचेच भावंड. आपल्या पूर्वजांनी परक्यांकडून शब्द घेण्यात कमीपणा मानला नाही, असे यावरून दिसते.

आता सावधगिरीविषयी, कारण या विषयात उत्साहाने फार हानी होते. भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या मजकुरात इंग्रजीचा प्रत्येक शब्द संस्कृतातून निघाल्याचे रोज सिद्ध केले जाते. शिक्षकाने तो वर्गात वाचून दाखविला की मुलांच्या दृष्टीने तो प्रमाण ठरतो. केवळ ध्वनिसाम्यावर विसंबणे किती धोक्याचे, ते पाहा. 'पेन' आणि 'पेन्सिल' हे शब्द सख्खे भाऊ दिसतात. परंतु त्यांचे काहीही नाते नाही. 'पेन' हा पीस या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला, कारण पूर्वी पिसाच्या बोरूने लिहीत असत. उडणे या अर्थाच्या मूळ धातूमुळे त्याचे नाते जुळते ते आपल्या 'पत्र' शब्दाशी आणि इंग्रजीतील 'फेदर'शी. 'पेन्सिल' म्हणजे मुळात लहानशी शेपटी, म्हणजे चित्रकाराचा केसांचा कुंचला. तिची खरी बहीण दवाखान्यात आहे: 'पेनिसिलिन'. ज्या बुरशीपासून १९२८ साली ते औषध सापडले, ती सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्यासारखी दिसते.

साखर कारखान्यातील 'मळी' आणि 'मोलॅसिस' यांचेही असेच. पदार्थ एक, पहिली दोन व्यंजनेही जुळती; तरी मळी ही मळ या शब्दाची, आणि मोलॅसिस हा मध या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा. खोट्या व्युत्पत्तीने विद्वानांनाही चकविले आहे. बेट या अर्थाच्या 'आयलंड' शब्दात पूर्वी 'एस्' नव्हता. 'आइल' या वेगळ्याच शब्दाशी त्याचे नाते आहे असा गैरसमज होऊन सोळाव्या शतकाच्या सुमारास तो घुसविला गेला, आणि जगभरची मुले तेव्हापासून त्याचा दंड भरीत आहेत. या सर्वांवर ताण करणारा शब्द 'बदनाम'. त्यातील 'बद' फारसी आहे. त्याचा उच्चार आणि अर्थ इंग्रजी 'बॅड'शी इतका जुळतो की कोणीही फसावे. परंतु ते साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. उरलेला 'नाम' मात्र इंग्रजी 'नेम'चा खराखुरा नातलग आहे.

शंका आल्यास कोश पाहावा. मराठीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ सालचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' आहे. मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या आवृत्तीतही पुष्कळ शब्दांपुढे मूळ भाषेची खूण दिलेली आढळते. इंग्रजीचे मोठे कोश शब्दाच्या अर्थाबरोबर त्याचा उगमही देतात. कोशात आधार मिळाला नाही, तर ते नाते वर्गात सांगू नये.

प्रत्यक्ष वर्गात यासाठी वेगळा तास लागत नाही. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे पुरतात. मुलांस आधीच ठाऊक असलेला शब्द मध्यभागी लिहावा, त्याचे नातलग भोवती मांडावेत, आणि सर्वांत समान असलेली अक्षरे रंगीत खडूने मुलांकडूनच अधोरेखित करून घ्यावीत. तिसरीपर्यंत लॅटिन, ग्रीक ही नावे उच्चारण्याची गरज नाही. 'हे भाऊ आहेत' एवढे पुरे. यावर परीक्षेत प्रश्न मात्र घालू नये, नाही तर तीही एक पाठ करावयाची यादी होऊन बसेल. पहिल्या सत्रासाठी मॉनिटर, द्वि, जू आणि साखर ही चार कुळे भरपूर होतात. साखरेचे कुळ गुऱ्हाळे सुरू झाल्यावर घ्यावे आणि मनगटाचे गावच्या यात्रेतील कुस्त्यांच्या आठवड्यासाठी राखून ठेवावे.